संगमावरून दिसणारा हिशेब: नीरा-भीमेचं पाणी आणि त्यावरची गुंतवणूक

पावसाळ्यात जलसंपदा विभागाचे पूरसंदेश नदीकाठच्या गावांत मोबाइलवरून फिरू लागतात. त्यांत चार नावं हमखास असतात: वीर, उजनी, संगम आणि पंढरपूर. प्रत्येक नावापुढे क्युसेकमधला विसर्ग. वीरचा आकडा नीरेचा, उजनीचा भीमेचा. पंढरपूरच्या आकड्यावरून चंद्रभागेच्या वाळवंटातली देवळं बुडणार का, काठच्या वस्त्या हलवाव्या लागणार का, ते ठरतं. मधला ‘संगम’ म्हणजे नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याचं हे आग्नेय टोक. पुणे जिल्हा इथे संपतो. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा, म्हणजे दोन्ही बाजूंना सोलापूर जिल्हा.

लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, नदीत उतरणारा घाट आणि प्रल्हादाने वाळूची मूर्ती घडवल्याची श्रद्धा, यांमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाण्याच्या अभ्यासकाला ते आणखी एका कारणासाठी ठाऊक असायला हवं. सह्याद्रीच्या माथ्यापासून इथपर्यंत भीमेच्या आणि नीरेच्या पाण्यावर जे जे निर्णय झाले, त्या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन उरलेलं पाणी या घाटाला लागतं. पुणे शहराने किती उचललं, कालव्यांनी किती वळवलं, उजनीने किती धरून ठेवलं, कारखान्यांनी आणि शहरांनी किती मैलं करून परत सोडलं, हे सगळं इथे कळतं. म्हणूनच महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ पैसा कुठे लावतं आणि तो निर्णय कसा होतो, हा या व्याख्यानाचा विषय पुण्यातल्या त्याच्या सिंचन भवन या कार्यालयापेक्षा नरसिंहपूरहून पाहिलेला बरा. इथून पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते: नवं पाणी आणण्यासाठी पैसा उभा राहतो, हाती असलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत मोजून पोचवण्यासाठी तो उभा राहत नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा.

गोष्ट जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग उद्ध्वस्त झाला आणि त्यातून नीरा कालव्याची कल्पना पक्की झाली. १८८५ मध्ये वीरपासून निघालेला नीरा डावा कालवा वाहू लागला. पुरंदर, बारामती, इंदापूर असा दीडशे किलोमीटरचा हा कालवा. त्याला पाणी पुरवायला भाटघरला धरण झालं. पुढे ते अपुरं पडू लागलं म्हणून त्याच्याच खाली मोठं लॉइड धरण बांधलं गेलं आणि १९२८ च्या सुमारास ते पूर्ण झालं. आज त्याच जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे. कालवा आला आणि बारामतीच्या पट्ट्यात ऊस आला, गूळ आला, पुढे वालचंदनगरसारखी साखरेची नगरं उभी राहिली. पण पहिल्या पंधरा वर्षांतच कालव्याचं दुखणंही दिसू लागलं. वरच्या अंगाचे शेतकरी हवं तेवढं पाणी घेत, खालच्या अंगाला पाळी पोचत नसे, आणि वर अति पाण्याने जमिनी चोपण होऊ लागल्या.

१८९९ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचा कारभार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याकडे आला. त्यांनी नीरा कालव्यासाठी नवं धरण मागितलं नाही. त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली: पाणी गावोगाव विखरून द्यायचं नाही, ठरावीक सलग गटांना द्यायचं, गटात ऊस किती आणि हलकी पिकं किती याचं प्रमाण आधी बांधायचं, आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून टाकायच्या. शेतकऱ्यांचा सुरुवातीला विरोध झाला. पण तेवढ्याच पाण्यात जास्त गावांना वाटा मिळावा, हा त्यामागचा विचार होता. भारतातल्या सिंचनात वाटपाच्या नियमालाच बांधकामाइतकं महत्त्व देण्याचा असा प्रयत्न फार कमी ठिकाणी झाला, आणि तो याच कालव्यावर झाला. याचा अभिमान बारामती-इंदापूरकरांनी बाळगायला हवा. दुर्दैवाने पुढच्या शंभर वर्षांत नियम ढिले होत गेले आणि बांधकामं वाढत गेली.

कृष्णा खोरे महामंडळाचा जन्मच घाईत झाला, आणि ती घाई कशाची होती हे समजून घ्यायला हवं. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवला होता. ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. तोवर धरणांत पाणी अडवलं नाही तर वाटा जाईल, अशी धास्ती राज्यात होती. त्यातून १९९६ च्या कायद्याने हे महामंडळ स्थापन झालं. अर्थसंकल्पातून पैसा पुरेना, म्हणून राज्याच्या हमीवर लोकांना रोखे विकून भांडवल उभं केलं. गावोगावच्या ठेवीदारांनी ते घेतले. पैसा चढ्या व्याजाचा होता आणि मुदत डोक्यावर होती. अशा वेळी कोणतीही संस्था जे करेल तेच महामंडळाने केलं. भिंती आधी उभ्या केल्या, कालवे मागे ठेवले. लवादापुढे मोजली जाणार होती ती साठवण. शेतचारी कुणी मोजणार नव्हतं.

या घाईची किंमत नीरेच्या खोऱ्याने कशी मोजली, ते नीरा देवघर धरणावरून नीट कळतं. भोर तालुक्यातलं हे धरण पावणेबारा टीएमसीचं. भाटघर, वीर, गुंजवणी आणि नीरा देवघर मिळून नीरेवर सुमारे ४८ टीएमसीचा उपयुक्त साठा होतो, त्यातला हा चौथा हिस्सा. धरण झालं, पाणी साठू लागलं, पण खंडाळा, फलटण, माळशिरसकडे जाणारे त्याचे कालवे पूर्ण झाले नव्हते. मग साठलेल्या पाण्याचं करायचं काय? ते वीरमध्ये सोडायचं आणि जुन्या नीरा कालव्यांना द्यायचं. २००७ मध्ये त्याचं वाटप ठरलं: ६० टक्के डाव्या कालव्याला, म्हणजे बारामती-इंदापूरला, आणि ४० टक्के उजव्याला, म्हणजे फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे. हा करार दहा वर्षांचा होता. २०१७ मध्ये तो संपला, पाणी मात्र तसंच चालू राहिलं. २०१९ च्या जूनमध्ये सरकारने डाव्या कालव्याचं हे पाणी बंद करण्याचा निर्णय घेतला. सरकार बदललं, आणि २०२० च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाने नवं प्रमाण ठरवलं: डाव्याला ५५ टक्के, उजव्याला ४५.

या सगळ्याला वर्तमानपत्रांनी बारामती विरुद्ध माढा, अमुक नेता विरुद्ध तमुक नेता असा रंग दिला. राजकारण होतंच. पण मूळ गुंतवणुकीच्या क्रमात होतं. धरणाबरोबर कालवा झाला असता, तर ‘उरलेलं पाणी’ नावाची गोष्टच जन्माला आली नसती. बारा-तेरा वर्षं त्या पाण्यावर डाव्या कालव्याच्या शेतकऱ्याने ऊस लावला, विहिरी खोदल्या, कर्ज काढलं, घर बांधलं. ते पाणी हक्काचं नव्हतं, हे त्याला कागदावरून कळलं, तेही उशिरा. आणि ज्यांच्यासाठी धरण बांधलं, त्या फलटण-माळशिरसच्या टोकाच्या गावांच्या दोन पिढ्या कालव्याची वाट पाहत राहिल्या. दोन्हीकडचा शेतकरी सारखाच फसला. अर्धवट सोडलेला प्रकल्प नुसता पडून राहत नाही; तो नवे हक्क आणि नवी भांडणं तयार करतो, आणि ती मिटवण्याचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही.

आता नीरा-भीमा बोगद्याकडे येऊ. नरसिंहपूरच्या दृष्टीने हा सगळ्यांत थेट विषय आहे. नीरा आणि भीमा निसर्गतः इथे भेटतात, उजनी धरणाच्या खाली. खाली भेटल्यामुळे नीरेचं पाणी उजनीला मिळत नाही. म्हणून इंदापूर तालुक्यातल्या उद्धट इथे नीरेचं पाणी अडवायचं आणि सुमारे २४ किलोमीटरच्या बोगद्यातून ते उजनी जलाशयात नेऊन सोडायचं, अशी ही योजना. नदी जी भेट खाली घडवते, ती वरच घडवून आणायची. कृष्णा-भीमा स्थिरीकरण या मोठ्या योजनेचा हा एक दुवा आहे. २००४ च्या सुमारास ती योजना मांडली गेली तेव्हा चित्र भव्य होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या नद्यांचं ११५ टीएमसी पाणी कृष्णेत, तिथून नीरेत, नीरेतून भीमेत आणि पुढे सीनेच्या खोऱ्यातून मराठवाड्यात न्यायचं. अंदाज सुमारे ४,९०० कोटींचा. वरच्या भीमा उपखोऱ्यातल्या वापरावर बच्छावत लवादाने मर्यादा घातलेली होती, कर्नाटकचा आक्षेप होता, आणि कृष्णेपासून नीरेपर्यंतचा जोड कागदावरच होता. तरी नीरा-भीमा बोगदा खोदायला घेतला. आधीचे दुवे नाहीत आणि शेवटाकडचा दुवा तयार होतो आहे.

२० नोव्हेंबर २०१७ च्या संध्याकाळी या बोगद्याच्या अकोले गावच्या शाफ्टमध्ये मजूर वर येत होते. क्रेनचा दोर तुटला आणि आठ मजूर खोल खाली कोसळून मेले. पायाभूत प्रकल्पाच्या खर्चाचं बोलताना त्या आठ जणांचा उल्लेख करायचा राहून जातो. तो राहू नये.

बोगदा पूर्ण झाल्यावर काय साधेल, हे थोडा गुणाकार करून पाहण्यासारखं आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. चोवीस तासांत एवढं पाणी वाहायला ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. नीरेला ५० हजार क्युसेकचा पूर आला तर दिवसाला सव्वाचार टीएमसीहून जास्त पाणी नरसिंहपूरवरून निघून जातं. मराठवाड्याला पहिल्या टप्प्यात सात टीएमसी द्यायचं म्हणतात. ते शंभर दिवसांत न्यायचं ठरवलं तर बोगद्यातून सतत ८१० क्युसेक वाहायला हवं. म्हणजे पूर येईल तेव्हा बोगदा त्यातला अगदी थोडा भाग घेणार. बाकीचा नेहमीसारखा संगमाकडे धावणार. बोगद्याचं खरं काम पूर ओसरल्यावरच्या दिवसांत आहे, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत नीरा शांतपणे वाहते तेव्हा. आणि नेमक्या त्याच पाण्यावर उद्धटच्या खालचे बंधारे भरतात, सराटीला तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरची नीरा टिकते, नरसिंहपूरच्या काठच्या मोटारी चालतात.

याचा अर्थ बोगदा नको, असा नाही. मराठवाड्याचा हक्क खरा आहे आणि तो फार काळ थकला आहे. पण निर्णय घेताना ‘पुराचं वाया जाणारं पाणी’ हा शब्दप्रयोग बंद व्हायला हवा. पूर किती दिवस, किती विसर्गाने आला, त्यातलं किती बोगद्यात मावलं असतं आणि खालच्या गावांसाठी किती सोडावं लागेल, याचा मागच्या वीस-तीस वर्षांच्या रोजच्या नोंदींवरचा तक्ता महामंडळाने लोकांपुढे ठेवायला हवा. केंद्रीय जल आयोग सराटी आणि नरसिंहपूर इथे नदी मोजतो. माहिती आहे, ती निर्णयाच्या टेबलावर आणि गावाच्या चावडीवर एकाच वेळी यायला हवी.

ढाप्यांची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण काठच्या माणसाला गुंतवणूक म्हणजे काय ते तिच्यातून समजतं. नीरा आणि भीमेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांतून लोखंडी ढापे उतरवतात, फटी बुजवतात आणि पाणी अडवतात. ढाप्याच्या कडेचं रबर झिजलेलं असतं, कुठे ढापा वाकलेला, कुठे चोरीला गेलेला. दिवाळीत भरलेला बंधारा संक्रांतीनंतर बघता बघता उतरतो. पाणी गळून पुढच्या बंधाऱ्यात जातं, तिथून आणखी पुढे. परतीच्या पावसाचा पूर अवेळी आला तर ढापे काढायला माणसं वेळेत पोचत नाहीत, आणि बाजूची माती फुटून शेतं वाहून जातात. म्हणून अशा बंधाऱ्यांचं दारं असलेल्या बॅरेजमध्ये रूपांतर करा, अशी मागणी दोन्ही काठांवर वर्षानुवर्षं आहे. ती रास्त आहे. एका बंधाऱ्याचा खर्च बोगद्यापुढे किरकोळ असतो. पण तो देखभालीच्या खात्यात पडतो, आणि देखभालीला पैसा मागणाऱ्याला मंत्रालयात फारसं कुणी विचारत नाही.

भीमेच्या बाजूला याच ढाप्यांचा आणखी एक त्रास होता. सोलापूर शहराला प्यायला पाणी हवं, म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडायचं. ते लांबवर वाळूतून वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोचायचं. वाटेतल्या बंधाऱ्यांचे ढापे काढायचे, काठच्या मोटारींची वीज तोडायची. एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी पाणी जायचं, आणि अशी आवर्तनं वर्षातून अनेकदा. शहराची गरज किती? उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी रोज १७ कोटी लिटर पाण्यासाठी बांधली. वर्षभर ती पूर्ण चालली तरी सव्वादोन टीएमसीच्या आत काम होतं. म्हणजे नदीतून एकदा सोडायच्या पाण्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात शहराचं वर्ष निघतं. या खोऱ्यात गेल्या काही दशकांत झालेल्या सर्वांत शहाण्या गुंतवणुकींत या वाहिनीची गणना व्हायला हवी. ती फार उशिरा झाली, हीच काय ती खंत.

पण इथेही नरसिंहपूरहून पाहिलं की दुसरी बाजू दिसते. शहरासाठी सोडलेल्या त्या पाण्यावर संगमाखालच्या शेकडो गावांच्या विहिरी आणि जनावरं उन्हाळा काढत होती. नियमाने ते पाणी त्यांचं नव्हतं. नदीने मात्र त्यांना दिलं होतं. आता वाचलेलं पाणी कुणाचं? उजनीच्या कालव्यांचं, मराठवाड्याचं, नव्या उपसा योजनांचं, की नदीचं? वाहिनीला मंजुरी देताना या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवायला हवं होतं. ते नाही, म्हणून प्रत्येक जण ते पाणी आपलंच धरून चालला आहे.

उजनीवर सगळ्यांचे डोळे का आहेत, हे आकड्यांतून कळतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं उपयुक्त सुमारे ५४, बाकीचा मृतसाठा. दुष्काळात तोही उपसला जातो. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं आणि पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. याच जलाशयात इंदापूर तालुक्याची सुपीक काळी जमीन आणि गावं बुडाली. ज्यांची जमीन गेली त्यांनाच पाणी नाही, ही इंदापूरकरांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्याहून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातलं पाच टीएमसी शेटफळगढे इथे उचलून इंदापूरच्या गावांना देण्याच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटला आणि महिन्याभरात, २७ मे रोजी, तो आदेश रद्द झाला. पाण्याचा हिशेब दोन्ही वेळा लोकांपुढे आला नाही, आदेश काढतानाही नाही आणि मागे घेतानाही नाही.

पुढच्याच वर्षी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला ३४८ कोटींची प्रशासकीय मान्यता मिळाली. इंदापूर आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यातली १७ गावं, ७,२५० हेक्टर, ०.९० टीएमसी पाणी. या पट्ट्यातल्या माणसांनी टँकरमागे धावून उन्हाळे काढले आहेत, त्यांना पाणी मिळायलाच हवं. पण ०.९० टीएमसी ७,२५० हेक्टरवर पसरलं, तर हेक्टरी साडेतीन हजार घनमीटर येतं, म्हणजे शेतात जेमतेम ३५ सेंटिमीटर पाणी. एवढ्यात ज्वारी, हरभरा, भाजीपाला, ठिबकवरचं डाळिंब आरामात होईल. निमगाव केतकी-शेळगावच्या डाळिंबवाल्यांनी ते करून दाखवलं आहे. उसाला याच्या कितीतरी पट पाणी लागतं. हेक्टरी जवळपास पावणेपाच लाख रुपये खर्चून उचललेलं पाणी पहिल्या पाच-पन्नास जणांच्या उसात जिरलं, तर सतरापैकी किती गावांना ते दिसेल? त्यात विजेचं बिल आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना विजेच्या थकबाकीने वारंवार बंद पडत होत्या. अखेर सरकारने ८१ टक्के बिल स्वतः भरायचं आणि शेतकऱ्याने १९ टक्के, असं ठरवलं. उपसा योजनेचा खरा खर्च पंप सुरू झाल्यावर सुरू होतो, आणि तो कायमचा असतो.

आता कालव्याकडे परत. नीरा डाव्या कालव्याखाली ३७ हजार हेक्टर क्षेत्र धरलं आहे. त्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याची मागणी तीन शब्दांची आहे: ‘टेल टू हेड’. आधी शेवटच्या फाट्याला पाणी द्या, मग वर या. इंदापूरच्या टोकाला, ५९ नंबरच्या फाट्यावर, आवर्तन सुटल्याची बातमी येते, पण पाणी येतं ते आठवडे उलटल्यावर, आणि पाटकऱ्याच्या हाती एवढा लांब फाटा असतो की वरच्या अंगाला रात्री कुणी दार उचललं ते त्याला कळायचीही सोय नाही. नमुना सात भरून, पाणीपट्टी भरून बसलेला माणूस चारीच्या कोरड्या तळाकडे बघत राहतो.

अशा कालव्याला अस्तरीकरण करायचं ठरलं, तेव्हा बारामती-इंदापुरात विरोध झाला. बाहेरच्याला तो विचित्र वाटेल. पण कालव्याच्या पाझरावर दोन्ही अंगांच्या हजारो विहिरी जगतात. काँक्रीट झालं की त्या आटतील, ही भीती खरी आहे. गळती वरच्या विहिरीला वरदान असते आणि शेपटाला शाप. उत्तर हो किंवा नाही असं नाही. कुठला टप्पा पाझरू द्यायचा, कुठला बांधायचा आणि पाझराचं पाणी वापरणाऱ्याने पाणीपट्टीत किती वाटा उचलायचा, हे मोजून ठरवावं लागेल. तोवर दीडशे वर्षांच्या जवळ आलेला हा कालवा थांबत नाही. २०२५ च्या मेमध्ये अवकाळी पावसाने पिंपळी-लिमटेकजवळ तो फुटला आणि पाणी शेतांत, घरांत, रस्त्यावर शिरलं. त्या दिवशी देखभाल या कंटाळवाण्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळला.

मोजमाप नसलं की काय होतं, हे राज्याने २०१२ मध्ये पाहिलं. आर्थिक पाहणीने दाखवलं की दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचं प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेलं. हजारो कोटी खर्चून एक दशांश टक्का. सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत वाढ पाच टक्क्यांहून अधिक निघाली. दोन्ही कागदांची मोजण्याची रीत वेगवेगळी होती. पुढे सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवर माधव चितळे समिती बसली, चौकशा झाल्या. भ्रष्टाचाराची चर्चा व्हायलाच हवी होती. पण पाणी कुठे पोचतं ते मोजायचा पक्का आकडाच राज्याकडे नव्हता, ही त्याहून मोठी गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने एकात्मिक राज्य जल आराखडा मागितला होता. तो नसताना प्रकल्पांना मान्यता कशी, असा प्रश्न घेऊन जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

मोजणं अशक्य नाही. कृष्णेच्याच खोऱ्यात, शेजारच्या कर्नाटकात, नारायणपूर डाव्या कालव्यावर कृष्णा भाग्य जल निगमने हजारो स्वयंचलित दारं बसवली. प्रत्येक फाट्यात किती पाणी गेलं ते नियंत्रण कक्षात दिसतं, आणि शेपटाच्या गावांना त्याचा लाभ होतो. महाराष्ट्रात, नाशिकच्या वाघाडला, असली यंत्रं नसतानाही बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. संस्थांनी पाणी घनमापाने विकत घेतलं, आपापसांत वाटलं, पट्टी स्वतः वसूल केली. यंत्र आणि संस्था या दोन्हींची सांगड नीरा कालव्यावर घालता येईल. हॉलंडमध्ये तर पाणी मंडळांसाठी दर चार वर्षांनी लोक मतदान करतात. मंडळ स्वतःचा कर लावतं आणि कुठला बांध, कुठला पंप आधी दुरुस्त करायचा हे उघड्या सभेत ठरतं. आपल्या महामंडळाचे अध्यक्ष जलसंपदा मंत्री असतात. शेपटाच्या शेतकऱ्याला त्या टेबलावर खुर्ची नाही. मिळायला हवी, आणि ती सौजन्याची नव्हे, कायद्याने दिलेली हवी.

वरून येणारं पाणी कसं आहे, हा प्रश्नही गुंतवणुकीचाच आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून उजनीत येतं. जपानी कर्जाच्या मदतीने ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. भिगवणचा कोळी, पळसदेवचा शेतकरी, घाटावर स्नानाला उतरणारी कुळाचाराची माणसं त्याची किंमत रोज मोजतात. शुद्धीकरण केंद्र महापालिकेच्या खात्यात पडतं, धरण महामंडळाच्या. नदी मात्र एकच आहे, आणि उजनीच्या कोणत्याही नव्या योजनेच्या मंजुरीत वरच्या शुद्धीकरणाची अट असायला हवी.

तेव्हा मागणी काय? नीरा-भीमा बोगद्यातून पाणी सुटण्याआधी उद्धटच्या खाली नरसिंहपूरपर्यंत किती विसर्ग राहील ते महामंडळाने लेखी जाहीर करावं. नीरा डाव्या कालव्याच्या प्रत्येक फाट्यावर मोजयंत्र बसवावं, सुरुवात ५९ नंबरच्या फाट्यापासून व्हावी, आणि त्याचे आकडे पूरसंदेशांसारखेच रोज मोबाइलवर यावेत. संगमाच्या वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी राखावा आणि तो दुसऱ्या कामाकडे वळवता येऊ नये. समांतर जलवाहिनीने वाचलेलं पाणी कुणाचं, याचा निर्णय पुणे आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकांसमोर, एकाच बैठकीत व्हावा. दर पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. रब्बीची आवर्तनं ठरवण्याआधी या चार गोष्टी तिच्या विषयपत्रिकेवर याव्यात, आणि त्या याव्यात म्हणून इंदापूर, बारामती, माळशिरस आणि माढ्याच्या आमदारांनी एकत्र पत्र द्यावं.